गाडीला वॅक्स: हातानं की फोमनं?

परवा भंडाऱ्यात अंगणात गाडीला वॅक्स लावत होतो. शेजारचे काका थबकले. "काहून रे, हातानंच? स्पंज हरवला का?"

हरवला नाही, काका!

डब्यातल्या घट्ट वॅक्समध्ये बहुतेक वेळा कार्नोबा असतं, म्हणजे ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं मेण. शुद्ध असेल तर 80 अंशांच्या पुढेच वितळणारं, भलतंच कडक. म्हणून त्यात तेल आणि द्रावक मिसळतात. हे मिश्रण तळहाताच्या उबेनं मऊ होतं आणि थर पातळ बसतो. फोम बरंचसं स्वतःच पिऊन टाकतो.

शिवाय बोटांना कण लगेच लागतो. वैनगंगेच्या रेतीचा ट्रक पुढे असला की गाडीवर काय काय बसतं, ते आपल्याला माहीतच आहे. तो कण फोमखाली सापडला की ओरखडे पक्के. (गाडी आधी धुवायचीच, हे सांगायला नको.)

टप आणि बोनेटला मात्र मी फोमच घेतो. बोटांचा दाब सगळीकडे सारखा पडत नाही. आरसे, हँडलमागची खाच, कडा इथं हात. अंगठी काढून!

सिरॅमिक कोटिंगला उघडा हात अजिबात नको.

मे महिन्यात सकाळी सहाला, सावलीतच लावा. तापलेल्या पत्र्यावर वॅक्स चिकटून बसतं.

तुमच्याकडे कोणतं वॅक्स आहे? विचारा बिनधास्त.