एकसंध दंतखुंटी

पडलेल्या दाताच्या जागी काय बसवावे, हा प्रश्न जुनाच आहे. कवळी हिरडीवर नुसती टेकते. ब्रिज बसवावयाचा तर शेजारचे निरोगी दात घासून लहान करावे लागतात. तिसरा मार्ग जबड्याच्या हाडातच खुंटी रोवण्याचा. १९५२ साली स्वीडनमध्ये ब्रोनेमार्क सशाच्या हाडातील रक्ताभिसरण न्याहाळीत होते. प्रयोग संपला, पण हाडात बसविलेले टिटॅनियमचे उपकरण काही केल्या निघेना. हाड त्याला जडून गेले होते! १९६५ मध्ये त्यांनी या धातूच्या खुंट्या प्रथम एका रुग्णाच्या जबड्यात बसविल्या.

बहुधा ही खुंटी दोन भागांची असते : हाडातील मळसूत्री मूळ आणि त्यावर स्क्रूने आवळलेला माथा. एकसंध खुंटीत दोन्ही एकच. सांधा नाही, म्हणून जंतूंना फट नाही आणि स्क्रू सैल होण्याची धास्ती नाही. शिवाय ती बारीकही घडविता येते. खालच्या पुढच्या दातांच्या चिंचोळ्या जागेत तिचा खरा उपयोग.

परंतु सांधा नाही म्हणजे चूक सुधारण्याची सोयही नाही. दोन भागांच्या खुंटीत मूळ कलले तर तिरका माथा लावून निभावते. येथे ज्या दिशेने हाडाला छिद्र पडले, तीच दाताची दिशा. म्हणून भावी दाताचा आकार आधी ठरवावा आणि मगच छिद्र पाडावे, तेही पाण्याची धार सोडीत; कारण ४७ अंश सेल्सिअसला मिनिटभर तापलेल्या हाडाला इजा होते.

श्रोतेहो, खरी कसोटी यानंतरच. माथा पहिल्या दिवसापासून तोंडात उघडा असतो. त्याला हिरडीखाली झाकून विसावा देता येत नाही. आरंभीची यांत्रिक पकड पहिल्या काही आठवड्यांत ढिलावते आणि नव्या हाडाची पकड अजून यावयाची असते. या संधिकाळात खुंटी वारंवार हलली, तर भोवती हाडाऐवजी मऊ तंतूंचे आवरण तयार होते आणि खुंटी हातची जाते. यास्तव तात्पुरता दात समोरच्या दाताला न टेकेल इतका आखूड ठेवतात. दुखत नाही म्हणून रुग्ण तिसऱ्या आठवड्यात बेधडक भाकरी तोडू लागतो, आणि दंतवैद्याचे सारे कसब तेथे लंगडे पडते.

हाड जडल्यावर, साधारणतः तीनएक महिन्यांनी, कायमची टोपी सिमेंटने चिकटवितात. सिमेंट अगदी पातळ लावावे. हिरडीखाली उरलेला त्याचा कण भोवती दाह उत्पन्न करतो आणि कालांतराने हाड झिजवितो. टोपीची कड हिरडीत खोल न नेता काठाशीच ठेवली, तर तो कण दिसतो आणि काढताही येतो.