सर्पगंधा : उपयोजित विज्ञानाचा एक धडा

शास्त्र आणि व्यवहार यांमध्ये जो पूल बांधावा लागतो, त्यासच उपयोजित विज्ञान म्हणतात. द्रव्याचा गुण ग्रंथात असतो, रासायनिक घटक प्रयोगशाळेत सापडतात. परंतु तो गुण रुग्णापर्यंत निश्चित मात्रेत व निर्धोकपणे पोहोचविणे ही स्वतंत्र विद्या आहे. आपल्या परिचयाच्या सर्पगंधेचा इतिहास या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे.

सन १९३१ मध्ये 'प्रत्यक्षशारीरम्' या ग्रंथाचे कर्ते कविराज गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद आणि उच्च रक्तदाब यांवरील सर्पगंधेच्या उपयोगाविषयी लेख प्रसिद्ध केला. त्याच वर्षी सलीमुज्जमान सिद्दिकी व त्यांच्या सहकाऱ्याने मुळातील अल्कलॉइडे वेगळी केल्याचे प्रसिद्ध केले. त्यांपैकी एकास हकीम अजमल खान यांच्या सन्मानार्थ 'अजमलीन' हे नाव दिले. पुढे मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरील निरीक्षणे १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये मांडली आणि जगाचे लक्ष या मुळाकडे वेधले गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझल येथे सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी 'रेसरपीन' वेगळे केले. वैद्याचा अनुभव, रसायनज्ञाचे पृथक्करण आणि चिकित्सकाची नोंद या तिन्ही कड्या जुळल्या, तेव्हाच हे औषध जगन्मान्य झाले.

मात्र याच प्रवासाची दुसरी बाजू वैद्यबंधूंनी विसरू नये. रेसरपीनचा वापर वाढला तसे अवसाद, मंद नाडी, नाक चोंदणे, अतिनिद्रा, आम्लपित्ताची वृद्धी हे उपद्रवही नोंदले गेले. मात्रेनुसार जे औषध उपकारक, तेच अपकारक ठरू शकते. आधुनिक चिकित्सेत रेसरपीन आज पहिल्या पसंतीचे औषध राहिलेले नाही. पण आपल्या फार्मसीत सर्पगंधा चूर्ण व घनवटी यांना मागणी आहे. म्हणूनच प्रश्न उभा राहतो : आपण देत असलेल्या गोळीतील सर्पगंधा नेमकी कोणती आणि किती?

येथे उपयोजित विज्ञान आपल्या दाराशी येते. सर्पगंधेतील बहुतांश अल्कलॉइडे मुळाच्या सालीत असतात. साल खरवडलेले मूळ दिसायला स्वच्छ, पण वीर्याने हीन असते. बाजारात राऊवोल्फिया टेट्राफायला या भगिनी-वनस्पतीच्या मुळांची भेसळ आढळते. ती ओळखण्यास मोठी यंत्रसामग्री लागत नाही. मुळाचा आडवा छेद साध्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास खऱ्या सर्पगंधेच्या सालीत अश्मकोशिका दिसत नाहीत. टेट्राफायलाच्या सालीत त्या विपुल असतात. चूर्ण विकत घेतले तर ही सोपी परीक्षा हातची जाते, म्हणून अखंड मूळच घ्यावे. त्यापुढील पायरी म्हणजे एचपीटीएलसी पद्धतीने रेसरपीनचे प्रमाण मोजणे. स्वतःची प्रयोगशाळा नसल्यास मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून प्रत्येक खेपेची तपासणी करून घ्यावी. रेसरपीन प्रकाशाने बिघडते, म्हणून कच्चे द्रव्य व तयार गोळ्या प्रकाशापासून दूर ठेवाव्यात.

आयुर्वेदीय औषधनिर्मितीसाठी सन २००० मध्ये शेड्यूल टी लागू झाले. त्यात कच्च्या द्रव्याच्या परीक्षणाची व नोंदींची अपेक्षा आहे. परंतु नोंदवही निरीक्षकासाठी नव्हे, तर रुग्णासाठी भरावयाची, ही दृष्टी महत्त्वाची. एका खेपेत वीर्य कमी व दुसऱ्या खेपेत अधिक असेल, तर एकाच रुग्णाचा रक्तदाब एका महिन्यात अनियंत्रित राहील आणि पुढच्या महिन्यात अकस्मात घसरेल. दोष मात्र आयुर्वेदाच्या माथी मारला जाईल.

चिकित्सकांचीही जबाबदारी आहेच. सर्पगंधा देण्यापूर्वी अवसादाचा पूर्वेतिहास, आम्लपित्त वा परिणामशूल आणि रुग्ण घेत असलेल्या रक्तदाबाच्या अन्य गोळ्या यांची विचारपूस करावी. रक्तदाब व नाडीगती मोजून लिहून ठेवावी. डॉ. वकिलांनी ५० रुग्णांच्या नोंदी ठेवल्या, म्हणून जगाने दखल घेतली. तशा नोंदी ठेवणे आपणांस अशक्य नाही.

ही वनस्पती 'साइट्स' कराराच्या परिशिष्ट दोनमध्ये समाविष्ट आहे. रानातील मूळ उपटून व्यापार चालविणे आता योग्य नाही. लागवडीच्या मालास योग्य भाव देऊन शेतकऱ्याशी थेट संबंध जोडणाऱ्या फार्मसीस मुळाचे वय व काढणीचा काळही कळेल. ओळख, मोजमाप, नोंद आणि लागवड या चार गोष्टी साध्य झाल्या, तर पूर्वसूरींनी दिलेला वारसा आपण खऱ्या अर्थाने पुढे नेला, असे म्हणता येईल.