व्याख्यान घरी आले, प्रश्नांचे काय?

१८७३ साली केंब्रिज विद्यापीठाने आपली व्याख्याने डर्बी, नॉटिंगहॅम व लेस्टर या शहरांत नेली. उपक्रमाचे प्रवर्तक जेम्स स्टुअर्ट यांनी केवळ भाषणावर समाधान मानले नाही. श्रोत्यांना छापील रूपरेषा, सोडविण्यास लेखी प्रश्न आणि व्याख्यानास जोडून चर्चेचा वर्ग, अशी त्यांची पद्धत होती. आपल्याकडील बहिःशाल शिक्षणाची कल्पना याच परंपरेतली.

२०२० च्या महासाथीपासून विद्यापीठांची जाहीर व्याख्याने दूरदृश्य माध्यमातून मोठ्या प्रमाणावर घरोघर पोहोचू लागली. अर्थशास्त्राच्या दृष्टीने यात मोठा लाभ आहे. सभागृहातील खुर्च्या मोजक्या असतात. येथे आणखी एका श्रोत्याचा खर्च जवळजवळ शून्य. प्रवासखर्च न परवडणाऱ्या तालुक्याच्या गावच्या विद्यार्थ्याला त्याचे मोल विशेष. परंतु वक्त्याचा वेळ काही वाढत नाही. श्रोते कितीही वाढले तरी उत्तरे मोजक्याच प्रश्नांना मिळतात. उरलेले पडद्यावरच विरून जातात.

उपाय खर्चिक नाही. विद्यापीठाने रूपरेषा आगाऊ आणि मराठीत द्यावी; संलग्न महाविद्यालयांत श्रोत्यांनी एकत्र बसून, तेथील प्राध्यापकांसमवेत व्याख्यानानंतर चर्चा करावी. उपस्थितीचा आकडा वार्षिक अहवालात शोभून दिसेल. लोकशिक्षणाचे माप मात्र विचारल्या गेलेल्या प्रश्नांवरूनच घ्यावे लागेल.