कडेचा लाल रंग

आमच्या अंगणातला गुलाब पांढरा फुलायला लागला, तेव्हा पहिला संशय मी खतावर घेतला. दुसरा माळ्यावर. तिसरा स्वतःच्या डोळ्यांवर, कारण त्याच वर्षी, म्हणजे २०२१ साली, माझ्या उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि नव्या भिंगातून सगळंच जरा जास्त पांढरं दिसायचं. पण बायकोलाही तो पांढराच दिसला. कामाला येणाऱ्या बाई तर सरळ म्हणाल्या, ‘‘काका, गुलाबाचं रक्त कमी झालंय.’’

हा गुलाब मुळात पांढरा नव्हे. त्याचं नाव ‘डबल डिलाईट’. गुलाबाच्या नादी लागलेल्या माणसांना त्याची ओळख करून द्यावी लागत नाही. इतरांसाठी सांगतो. कळी उमलते तेव्हा पाकळ्या सायीच्या रंगाच्या असतात आणि त्यांच्या कडांना स्ट्रॉबेरीसारखा लाल रंग असतो, कुंकवाच्या बोटानं कड पुसून घ्यावी तसा. दोन-तीन दिवसांत तो लाल आत उतरत जातो. एकाच झाडावरची दोन फुलं सारखी नसतात. आणि वास! गोड, किंचित मसालेदार; एक फूल पाण्याच्या भांड्यात ठेवलं तर खोलीत शिरणारा माणूस आधी ‘कसला वास येतोय?’ विचारतो आणि मग पंख्याखाली बसतो.

तो माझ्याकडे आला १९९६ साली. बँकेत मी तेव्हा शेतीकर्जं बघत होतो आणि तळेगाव-मावळच्या बाजूला पॉलिहाऊसची हवा होती. गुलाब परदेशात पाठवायचे, डॉलर आणायचे, असे प्रकल्प अहवाल माझ्या टेबलावर रोज पडत. तपासणीला गेलं की प्लॅस्टिकच्या छताखाली कंबरभर उंचीची झाडं, त्यांवर सरळ दांड्यांचे लाल ‘फर्स्ट रेड’, एकासारखा एक. वाकून वास घ्यावा तर काही नाही. फूल आठ-दहा दिवस टिकलं पाहिजे, प्रवास सोसला पाहिजे, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा. वासाला अहवालात रकाना नव्हता. त्यातले बरेच प्रकल्प पुढे अडचणीत आले, पण तो विषय वेगळा आणि माझ्या झोपेला बरा नव्हे.

अशाच एका फेरीत रस्त्याकडेच्या रोपवाटिकेत चहाला थांबलो. तिथल्या म्हाताऱ्या मालकानं पिशवीतलं एक रोप पुढं केलं. ‘‘साहेब, हा बाजारात चालत नाही. घरात चालतो.’’ मी वीस रुपये दिले आणि पावती मागून घेतली. कर्जदार नसला तरी उद्या होऊ शकतो, ही बँकेची शिकवण. ती पावती अजून माझ्या जुन्या डायरीत आहे.

रोप लावलं पूर्वेच्या अंगणात, आईच्या खिडकीसमोर. पहिली दोन वर्षं मी त्याचा छळ केला. पावसाळ्याच्या तोंडावर छाटणी केली, फांद्या शेंड्याकडून काळ्या पडत खाली आल्या. युरिया घातला, नुसती पानं माजली आणि थंडी सुरू होताच त्या कोवळ्या पानांवर पिठासारखी भुरी पसरली. (भुरी हा या जातीचा जन्माचा रोग आहे, हे मला नंतर कळलं.) मग भर दुपारी गंधक फवारलं आणि उरलीसुरली पानं करपवली. तरी झाड जगलं. हळूहळू शिकलो ते एवढंच: पाऊस सरल्यावर ऑक्टोबरच्या उत्तरार्धात छाटणी करायची, बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या वर, तिरका काप देऊन. शेणखत आणि निंबोळी पेंड हात आखडता न घेता द्यायची, युरियाला हात लावायचा नाही. पाणी सकाळी, मुळाशी, पानांवर नाही. भुरी दिसताच पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम, तेही उन्हं कलल्यावर. आणि कलमाच्या सांध्याखालून, जंगली खुंटातून जो फुटवा येईल, तो निर्दयपणे उपटायचा. छाटणीनंतर पंचेचाळीस-पन्नास दिवसांनी पहिलं फूल येतं. डिसेंबरातलं ते पहिलं फूल आईचं, असा शिरस्ता पडला.

आईला आता एकोणनव्वदावं चालू आहे. काचबिंदूनं तिची नजर कडेकडून आत खात आणली आणि गेली सात-आठ वर्षं तिला उजेड-अंधाराखेरीज फारसं कळत नाही. फूल हातात दिलं की ती आधी नाकाशी नेते, मग अंगठ्यानं पाकळ्यांच्या कडा चाचपते आणि विचारते, ‘‘आज लाल किती आलाय?’’ मी सांगायचो. अर्ध्यापर्यंत, किंवा नुसती रेघ, किंवा आज जवळजवळ सगळाच. बँकेचा शिल्लक-ताळा द्यावा तसा हा आमचा रोजचा ताळा.

तर तो पांढरा झाला. मी खुंटाचा फुटवा बघितला, नव्हता. पोटॅश दिलं, राख दिली, जुनी माती काढून नवी भरली. पुढच्या हिवाळ्यातही तेच. मोठं, भरगच्च, सुवासिक फूल. कडेला जेमतेम गुलाबी सावली. शेवटी पुस्तकं काढली. डॉ. बी. पी. पाल यांचं ‘द रोज इन इंडिया’ माझ्याकडे आहे, पण ते १९६६ चं. आमचा हा गुलाब कॅलिफोर्नियात हर्बर्ट स्विम आणि अर्नोल्ड एलिस यांनी तयार केला आणि तो बाजारात आला १९७७ साली. ‘ग्रॅनाडा’ आणि ‘गार्डन पार्टी’ हे त्याचे आईबाप, आणि त्या ‘गार्डन पार्टी’मार्फत दुसरं महायुद्ध संपताना नाव मिळालेला प्रसिद्ध ‘पीस’ गुलाब त्याचा आजा लागतो. १९८५ साली जागतिक गुलाब महासंघानं त्याला जगाच्या आवडत्या गुलाबांत बसवलं. ही सगळी कुळकथा वाचताना एका वाक्यापाशी थांबलो. या फुलाचा लाल रंग उन्हानं, विशेषतः उन्हातल्या अतिनील किरणांनी येतो. काचघरात वाढवलेलं फूल पांढरटच राहतं.

माझा विश्वास बसेना. कळी रंग घेऊनच येते, असं मी पंचवीस वर्षं धरून चाललो होतो. परीक्षा करायची ठरवली. गच्चीलगतच्या एका उंच फांदीला तेवढं थोडं ऊन मिळत होतं. तिच्या दोन कळ्यांपैकी एकीवर जाड तपकिरी पाकिटाची टोपी चढवली. (निवृत्तीच्या वेळी कार्यालयीन पाकिटांचा गठ्ठा घरी आला होता. तो कसा आला, हे कुणी विचारू नये.) चार दिवसांनी टोपी काढली. उघडी कळी लालसर कडांची फुलली होती. झाकलेली सायीसारखी, कोरी. ती तशीच उन्हात राहू दिली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कडांवर लाली यायला लागली होती, लाजल्यासारखी.

मग मी मान वर करून पूर्वेकडे बघितलं. तिथं शेजारचा बंगला होता, आता अकरा मजले आहेत. २०१९ ला पाडकाम सुरू झालं, मध्ये करोनात थांबलं, २०२२ मध्ये इमारत पुरी झाली. मजला मजला चढत असताना धूळ, आवाज, पाण्याचे टँकर यांबद्दल आम्ही कुरकुरलो. सकाळ कमी होतेय, हे मात्र कुणाच्या लक्षात आलं नाही. पूर्वी साडेसातला अंगणात येणारं ऊन आता साडेबाराला येतं आणि दोनला जातं. गुलाबाला पाच-सहा तास तरी लागतात. शेजाऱ्यांना काय बोलणार? त्यांचा बंगला गळत होता, भावाभावांत वाटण्या होत्या. त्यांच्या जागी मी असतो तर मीही सही केली असती.

दरम्यान आईचा प्रश्न रोज चालू होता. ‘‘आज लाल किती?’’ मी दोन हिवाळे तिला खोटं सांगितलं. अर्ध्यापर्यंत आलाय म्हणालो, कधी पाऊण. एकदा फार रंगात येऊन पाकळीच्या मागच्या बाजूलाही उतरलाय असं सांगितलं. तिनं फूल खाली ठेवलं. ‘‘अरे, कामाच्या बाईंनी मला मागच्याच वर्षी सांगितलंय पांढरा येतो म्हणून. बँकेत गिऱ्हाइकांनाही असंच सांगायचास का?’’

यावर उत्तर नव्हतं. मुकाट्यानं फूल उचलून तिच्या उशाशी ठेवलं.

एवढं जुनं झाड खणून गच्चीवर नेणं धोक्याचं होतं. जाड मुळं तुटली की म्हातारं झाड सहसा उभं राहत नाही. म्हणून डोळे भरायचं ठरवलं. २०२३ च्या पावसाळ्यात जंगली गुलाबाच्या सहा काड्या कुंड्यांत रुजवल्या. जानेवारीत त्यांच्या सालीवर टी आकाराची चीर देऊन जुन्या झाडाचे डोळे आत सरकवले, प्लॅस्टिकच्या पट्टीनं बांधले, डोळा तेवढा उघडा ठेवला. कादंबरीच्या हस्तलिखितावर माझा हात इतका कधी थरथरला नव्हता. तीन आठवड्यांनी पाहिलं. चार डोळे काळे पडले होते. दोन हिरवे होते. त्यांच्या वरचा जंगली शेंडा उडवला.

गच्चीवर सकाळ नाहीच, पण अकरा ते चार ऊन मिळतं. कुंडीला उन्हाळ्यात रोज पाणी लागतं आणि माझे गुडघे जिन्याचे दोन मजले दिवसातून एकदाच कबूल करतात. शिवाय आता आमच्याच बंगल्याचा विषय निघालाय. बंगळुरूहून मुलगा दर रविवारी फोनवर क्षेत्रफळाचे आकडे सांगतो, ते चुकीचे नसतात. कराराचा मसुदा हॉलमधल्या टेबलावर आहे. मी तो दोनदा वाचलाय. पार्किंगबद्दल चार कलमं आहेत. गच्चीचा हक्क सामायिक आहे.

गेल्या डिसेंबरात धाकट्या कुंडीतलं पहिलं फूल घेऊन खाली आलो. आईनं वास घेतला, कडा चाचपल्या.

‘‘किती?’’

‘‘एक बोटभर. डाव्या अंगाला जास्त, उजव्या अंगाला कमी. कुंडी फिरवायला विसरलो.’’

‘‘मग फिरव उद्या,’’ ती म्हणाली आणि चहा मागितला.