धौलीचा शिलालेख : अधिकाऱ्यांना बांधणारी राजाज्ञा

सम्राट अशोक म्हटले की आपल्याला कलिंग युद्ध आठवते. पण त्याच कलिंगात, आजच्या ओडिशातील भुवनेश्वरजवळ धौली येथे अशोकाने काय कोरले, हे आपण क्वचितच वाचतो.

येथे खडकातून बाहेर येणारा हत्ती कोरलेला आहे आणि ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत राजाज्ञा आहेत. गिरनारला असलेले 11 ते 13 क्रमांकाचे लेख येथे नाहीत. कलिंगातील संहाराबद्दलचा पश्चात्ताप तेराव्या लेखात आहे. त्यांच्याऐवजी येथे दोन स्वतंत्र लेख आहेत.

पहिला लेख तोसलीच्या न्याय पाहणाऱ्या महामात्रांसाठी आहे. सर्व माणसे आपली लेकरे आहेत, असे राजा सांगतो. विनाकारण कोणाला कैद वा छळ होऊ नये. मत्सर, क्रोध, निष्ठुरता, घाई, आळस टाळावा, असे बजावतो. हा लेख तिष्य नक्षत्राच्या दिवशी ऐकवावा, ऐकणारा एकटा असला तरी. शिवाय दर पाच वर्षांनी पाहणीसाठी अधिकारी पाठवण्याची तरतूद आहे.

प्रजेने कायदा पाळावा, हे प्रत्येक सत्ता सांगते. येथे सत्ता स्वतःच्या अधिकाऱ्यांना मर्यादा घालते आणि ती जाहीरपणे वाचायला लावते.

वस्तीतला मुलगा पोलिसांनी उचलला की आम्हाला हाच प्रश्न भेटतो. अटकेचे कारण सांगणे, वकील मिळणे, 24 तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करणे हे संविधानाच्या कलम 22 मध्ये आहे. पण घरच्यांना ते माहीत नसते.

म्हणून विहारात उद्देशिकेसोबत कलम 22 ही वाचूया. ऐकणारा एकटा असला तरी.