पाच माणसं पुरतात

पाणीपट्टी भरायला बसलेल्या मावशींचं बोट मोबाइलवर अधांतरी थांबतं. बिलावर ‘ग्राहक क्रमांक’ छापलाय, वेबसाइट मागतेय ‘अकाउंट आयडी’. मावशींना वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं. चूक वेबसाइट बांधणाऱ्याची आहे, पण ती त्याला दिसणार नाही. दोन्ही एकच, हे त्याला पाठ आहे.

म्हणून मावशींनाच शेजारी बसवायचं. एक काम द्यायचं, मनात येईल ते मोठ्यानं बोलायला सांगायचं आणि आपण गप्प राहायचं. ‘तिथे दाबा’ म्हणालात की चाचणी वाया गेली. हे गप्प राहणंच फार अवघड.

अशी माणसं किती हवीत? याकोब नील्सन आणि थॉमस लँडॉअर या संशोधकांनी १९९३ मध्ये हिशेब मांडला: एका माणसाकडून सरासरी ३१ टक्के अडचणी उघड होतात, पाच जणांकडून सुमारे ८५ टक्के. पुढचे बहुतेक त्याच जागी ठेचकाळतात. त्यामुळे पंधरा जण एकदम बोलावण्यापेक्षा पाच-पाच जणांच्या तीन फेऱ्या घ्या, मधे दुरुस्ती करा, असं नील्सन यांनी २००० साली सुचवलं. पहिली फेरी तर वेबसाइट बांधण्याआधीच घेता येते. कागदावर पेन्सिलीनं काढलेल्या पानावरही मावशींचं बोट ‘अकाउंट आयडी’पाशीच थांबतं.