किलबार्खनची जत्रा

स्कॉटलंडच्या पश्चिम भागात रेन्फ्रूशायर नावाचा परगणा आहे. ग्लासगो या मोठ्या शहरापासून सुमारे वीस किलोमीटर अंतरावर, या परगण्यात किलबार्खन नावाचे एक लहानसे गाव आहे. गावाच्या मध्यभागी १७५५ साली बांधलेला एक उंच मनोरा उभा आहे. त्या मनोऱ्याच्या भिंतीत एक कोनाडा असून कोनाड्यात एका वादकाचा पुतळा आहे. त्याच्या काखेत कातडी पिशवी व हातात नळ्या आहेत. पिशवीत हवा भरून ती काखेने दाबावयाची, म्हणजे नळ्यांतून सूर निघतात, असे हे वाद्य असते. त्याला बॅगपाइप म्हणतात. ऊन असो, पाऊस असो, की बर्फ पडत असो, हा वादक बाराही महिने आपल्या जागी उभाच असतो.

जून महिन्याचा पहिला शनिवार उजाडला, की मात्र त्याच्यासारखाच पोशाख केलेला एक माणूस मनोऱ्यातून खाली उतरतो. जणू काय पुतळ्यातच प्राण आले! गावकरी टाळ्या वाजवून त्याचे स्वागत करतात. रस्ते पताकांनी शृंगारलेले असतात. वाद्यांचे ताफे सज्ज असतात. निरनिराळी सोंगे घेतलेली मुले सजविलेल्या गाड्यांवर बसलेली असतात. गावच्या शाळेतील एक मुलगी त्या दिवशी ‘लिलियस’ झालेली असते आणि सर्व समारंभात तिला राणीचा मान मिळतो. वादकाच्या मागोमाग मिरवणूक निघते. या दिवसाला ‘लिलियस दिन’ असे म्हणतात.

गावाचे नाव एकाचे, मनोऱ्यावरील पुतळा दुसऱ्याचा आणि जत्रा तिसरीच्याच नावाची, असा हा प्रकार आहे. या तिघांची ओळख करून घेतल्याशिवाय ही जत्रा नीट कळावयाची नाही.

प्रथम गावाचे नाव पाहू. स्कॉटलंडच्या जुन्या गेलिक भाषेत ‘किल’ म्हणजे साधूची कुटी किंवा तिच्याभोवती उभे राहिलेले छोटे देऊळ. इ. स. ५६३ मध्ये कोलंबा नावाचा साधू आयर्लंडहून समुद्र ओलांडून स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळील आयोना बेटावर आला. त्याच्या आधी आणि नंतरही असे अनेक ख्रिस्ती साधू त्या देशात येऊन राहिले. ते एकांत जागी कुटी बांधीत, प्रार्थना करीत आणि भोवतालच्या लोकांना धर्म शिकवीत. ज्या साधूची कुटी, त्याचे नाव त्या जागेला मिळे. स्कॉटलंडच्या नकाशात ‘किल’ने आरंभ होणारी कितीतरी गावे सापडतात, त्यांचे कारण हेच. किलबार्खनच्या शेजारचे किलमॅकम हे गाव कोलंबाच्याच नावाचे आहे. आणि किलबार्खन म्हणजे साधू बार्खनची कुटी. या बार्खनविषयी इतिहासाने फारच थोडे सांभाळून ठेवले आहे. त्याने काय केले, तो काय बोलला, याची नोंद नाही. उरले आहे ते त्याचे नाव आणि त्याच्या नावाचा एक दिवस.

हा दिवस म्हणजे त्याच्या स्मरणाचा सण. मध्ययुगात युरोपातील प्रत्येक देवळाचा असा एखादा संत असे आणि त्याच्या सणाला आसपासच्या खेड्यांतील लोक प्रार्थनेसाठी जमत. त्या दिवशी शेतावरील काम बंद असे. एरवी लोकांना एकत्र येण्याचे प्रसंग थोडे, रस्ते वाईट, गावोगावी दुकाने नाहीत. मग इतकी माणसे एका जागी आयतीच जमली असता व्यापारी ती संधी कशी सोडतील? देवळातून बाहेर पडणाऱ्या माणसाला समोरच कापड, मीठ, भांडी, मेंढ्या आणि घोडे दिसू लागले. अशा रीतीने सणातून बाजार जन्मला. शब्दांवरूनही हे ध्यानात येते. इंग्रजीतील ‘फेअर’ हा जत्रेचा शब्द लॅटिन भाषेतील सणाच्या शब्दापासून आला आहे. गेलिक भाषेत सणाला आणि जत्रेला ‘फेल’ हा एकच शब्द आहे. जर्मन भाषेत देवळातील उपासनेला ‘मेसे’ म्हणतात, आणि मोठ्या व्यापारी जत्रेलाही ‘मेसे’च म्हणतात!

स्कॉटलंडच्या जुन्या नगरांच्या कायद्यांत जत्रेला एक विशेष संरक्षण होते. त्याला ‘जत्रेची शांतता’ म्हणत. जत्रा चालू असेपर्यंत कर्जबाजारी माणसाला साध्या देण्यासाठी पकडता येत नसे. राजद्रोही आणि मोठे गुन्हेगार यांना मात्र ही सवलत नव्हती. ज्याच्यावर सावकाराचा तगादा असे, असा गरीब शेतकरीही त्या दिवसांत निर्भयपणे आपली मेंढी विकावयास येऊ शके. ही शांतता मोडणाऱ्याला शिक्षा होत असे.

इ. स. १५६० मध्ये स्कॉटलंडमध्ये मोठी धर्मक्रांती झाली. पोपची सत्ता झुगारून देण्यात आली आणि जुन्या पद्धतीची उपासना कायद्याने बंद झाली. नव्या धर्मोपदेशकांचे म्हणणे असे, की संतांचे सण पाळावे असे बायबलात कोठेच सांगितलेले नाही. म्हणून ते पाळू नयेत. एवढेच काय, खुद्द नाताळही त्यांनी नाकारला. आश्चर्य वाटेल, पण स्कॉटलंडमध्ये नाताळची सार्वजनिक सुट्टी सुरू झाली ती १९५८ साली. १५८१ मध्ये तेथील संसदेने आणखी एक कायदा केला आणि पवित्र विहिरींच्या यात्रा, तसेच संतांचे सण यांवर बंदी घातली. नियम मोडणाऱ्यांना दंड ठरला. तेव्हा बार्खनचा दिवसही आता संपलाच, असे कोणालाही वाटले असते.

तो संपला नाही, याचा पुरावा मनोऱ्यावरील वादकच देतो. त्याचे नाव हॅबी सिंप्सन. तो १५५० च्या सुमारास जन्मला आणि १६२० च्या सुमारास वारला. म्हणजे धर्मक्रांती झाली तेव्हा तो लहान मुलगा होता आणि त्याचे सारे वादन नव्या, कडक नियमांच्या काळात झाले. त्याच्या मृत्यूनंतर काही वर्षांनी रॉबर्ट सेंपिल नावाच्या तेथीलच एका जमीनदाराने त्याच्यावर एक कविता लिहिली. विलापाची असूनही ती विनोदी आहे. आता जत्रेत कोण वाजविणार, घोड्यांच्या शर्यतीत कोण वाजविणार, लग्नात कोण वाजविणार, अशी हळहळ कवी करतो. या यादीत तो दोन दिवसांची नावे घेतो. एक बेल्टेन, म्हणजे उन्हाळ्याच्या आरंभी, मे महिन्यात येणारा, ख्रिस्ती धर्माहूनही जुना लोकोत्सव. दुसरा, संत बार्खनचा सण.

कवीने हे नाव सहज घेतले आहे. पण इतिहासाच्या दृष्टीने ते अमोल आहे. बंदी होऊनही किलबार्खनचे लोक बार्खनच्या दिवशी जमत होते आणि त्यांच्यापुढे हॅबी वाजवीत होता. देवळातील उपासना गेली होती. देवळाबाहेरील गर्दी राहिली होती. त्या काळी स्कॉटलंडमध्ये काही ठिकाणी वाद्ये वाजविणाऱ्यांना धर्माधिकाऱ्यांपुढे उभे राहून जाब द्यावा लागे, हे लक्षात घेतले म्हणजे हॅबीची गोष्ट केवळ गमतीची राहत नाही.

सेंपिलच्या कवितेतील कडवे सहा ओळींचे आहे. ते स्कॉटलंडच्या कवींना इतके आवडले, की पुढे त्यांनी त्याच छंदात पुष्कळ कविता रचल्या. त्या देशाचा लाडका कवी रॉबर्ट बर्न्स यानेही हा छंद वापरला. या छंदालाच ‘हॅबी’चे नाव मिळाले आहे. एखाद्या खेड्यातील वादकाचे नाव छंदशास्त्रात जाऊन बसावे, असे भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला येते.

आता राहिली लिलियस. अठराव्या शतकाच्या आरंभी क्रेगेंड्सचे कनिंगहॅम घराणे या भागातील मोठे जमीनदार होते. गावात उन्हाळ्यातही एक जत्रा भरू लागली आणि तिला त्या घराण्यातील लिलियस या मुलीचे नाव मिळाले, असे परंपरा सांगते. पूर्वीच्या जत्रेला संताचे नाव होते. या नव्या जत्रेला जमीनदाराच्या मुलीचे मिळाले. जत्रा भरविण्याचा अधिकार देवळाच्या हातून जमीनदाराच्या हाती कसा गेला, हे या एका नावावरून दिसून येते. बार्खनचा दिवस हिवाळ्यात, डिसेंबरमध्ये येई आणि लिलियसचा उन्हाळ्यात, जुलैमध्ये. दोन्ही जत्रा पुष्कळ वर्षे शेजारीशेजारी नांदल्या.

तिथींचीही एक गंमत आहे. १७५२ साली ब्रिटनने आपले पंचांग बदलले. त्या वर्षी सप्टेंबरच्या २ तारखेनंतर एकदम १४ तारीख आली. मधले अकरा दिवस गळून गेले! सरकारी कागदांवर तारखा बदलल्या, तरी खेड्यांतील जत्रा लोकांनी जुन्या हिशेबानेच मोजल्या. किलबार्खनच्या जत्राही पुढे दीर्घकाळ जुन्या पंचांगाप्रमाणेच भरत.

या काळात किलबार्खन हे विणकरांचे गाव बनले होते. घराच्या खालच्या भागात माग मांडलेला असे. तेथील ओलाव्यामुळे सूत लवकर तुटत नसे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या एवढ्याशा गावात सुमारे ८०० हातमाग चालत होते. गल्लीतून जाताना दोन्ही बाजूंनी धोट्यांचा खटखटाट ऐकू येत असेल! १७२३ साली बांधलेले एका विणकराचे घर तेथे आजही जतन केलेले आहे. किलबार्खनजवळच पेझली हे मोठे गाव आहे. काश्मिरी शालींवरील नक्षी पाहून पेझलीच्या विणकरांनी तशा शाली विणल्या आणि त्या इतक्या खपल्या, की आपल्याकडे पैठणीवर जी कोयरी असते, तिला इंग्रजी बोलणारे लोक ‘पेझली’ म्हणू लागले. कोयरी गेली भारतातून, आणि नाव मिळाले स्कॉटलंडमधील गावाचे!

विणकर मागावर काम करीत. पण जत्रेच्या दिवशी माग बंद ठेवीत. पुढे मात्र वाफेच्या यंत्रावर चालणारे माग आले आणि हातमाग एकेक करून थांबू लागले. आगगाडी आली, शहरातील दुकाने जवळ झाली. गुरे व घोडे विकावयास मोठे ठरावीक बाजार झाले. ज्या वस्तूंसाठी लोक वर्षभर जत्रेची वाट पाहत, त्या आता केव्हाही मिळू लागल्या. धर्माच्या बंदीने जी जत्रा मोडली नव्हती, ती व्यापाराच्या सोयीने मोडली. बार्खनचा दिवस मागे पडला, लिलियसचाही क्षीण होत गेला.

गावाने हॅबीला मात्र कधी विसरू दिले नाही. १८२२ साली मनोऱ्याच्या कोनाड्यात त्याचा लाकडी पुतळा बसविला गेला. शंभराहून अधिक वर्षे पावसात भिजल्यावर, १९३२ साली, त्याच्या जागी काशाचा पुतळा आला. आणि १९६८ साली गावकऱ्यांनी लिलियस दिन पुन्हा सुरू केला. आज जी जत्रा भरते, ती याच पुनरुज्जीवनातून आलेली आहे.

ही जुनीच जत्रा आहे काय? काटेकोर विचार केला तर तसे म्हणता येणार नाही. जुलै जाऊन जून आला. मंगळवारी भरणारी जत्रा शनिवारी भरू लागली, कारण आता लोकांना शनिवारी सुट्टी असते. घोडे आणि गुरे विकावयास कोणी येत नाही. ज्या संताच्या सणाभोवती हे सारे प्रथम जमले, त्याचा दिवस हिवाळ्यात होता. तो पुन्हा सुरू झाला नाही. गावाने पुनरुज्जीवनासाठी निवडली ती उन्हाळ्यातील, उजेडाची जत्रा. आणि लहान मुलांना रस्त्यावर नाचावयाचे असेल, तर स्कॉटलंडच्या डिसेंबरपेक्षा जून बरा, हेही खरेच आहे. पण बार्खन अगदीच नाहीसा झाला, असेही नाही. गावाच्या पाटीवर, पत्रावरील पत्त्यात, शाळेच्या नावात तो आहेच. गावाचे नाव घेणारा प्रत्येक जण त्याचे नाव घेतो, मग त्याला ते ठाऊक असो वा नसो.

हॅबीचा मान तर त्याहून मोठा आहे. किलबार्खनमध्ये जन्मलेल्या माणसाला ‘हॅबी’ असेच म्हणतात, आणि तेथील लोक हे नाव आनंदाने सांगतात. जत्रेच्या दिवशी मिरवणूक चालू असते, तेव्हा एक हॅबी वाजवीत पुढे जातो, गावातील शेकडो हॅबी त्याच्या मागून चालतात, आणि काशाचा हॅबी कोनाड्यातून हे सर्व पाहत उभा असतो.